आमची वाटचाल : आधी पाण्याची वाट बघायची

आम्ही एसी दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा मी आणि धाकटा भाऊ दोघंच होतो, आणि सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी यायचे, "आतल्या युनिटमधून पाणी गळतंय". आम्ही जिथे काम शिकलो तिथे याचं उत्तर ठरलेलं होतं, गॅस कमी झालाय, भरून घ्या. एका आजींकडे तसाच गॅस भरून आलो, चौथ्या दिवशी परत फोन, पाणी भिंतीवरून उतरून कपाटातल्या कपड्यांपर्यंत गेलेलं. ड्रेन पाइप, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर नेणारी नळी, काढला तर आत बुळबुळीत गाळाचा बोळा अडकलेला. फार वाईट वाटलं, पैसे परत केले आणि तिथून आमची कामाची पद्धतच बदलली.

आता गिऱ्हाइकाला आम्ही पहिलं हे सांगतो की पाणी तयार होणं हा बिघाड नाहीच. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून थेंब येतात ना, तसंच दमट हवा थंड कॉइलला, म्हणजे गॅस फिरतो त्या आतल्या नळ्यांच्या जाळीला, लागली की तिच्यातली वाफ पाणी होते. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी जी यंत्रणा आखली ती मुळात छापखान्यातल्या हवेची ओल काबूत ठेवायलाच होती. दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, ते ट्रेमध्ये पडून पाइपने बाहेर गेलं तर कुणाला कळतही नाही, वाट अडली की खोलीत.

म्हणून आमचा माणूस आधी ट्रेमध्ये मगभर पाणी ओततो आणि बाहेर किती येतं ते बघतो. नाही आलं तर पाइप साफ. मग युनिट ड्रेन पाइपच्या उलट्या बाजूला कललंय का ते लेव्हल लावून बघायचं, पाइपला सलग उतार आहे का, मध्ये कुठे वर उचललाय का, आणि पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालंय का, कारण तिथे हवा अडकून पाणी तुंबतं आणि हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. कधी एसी ठीक असतो, तांब्याच्या पाइपवरचा फोम फाटलेला असतो आणि तिथूनच थेंब पडतात.

कॉइलवर बर्फ दिसला तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा फिल्टर धुळीने भरलेला असतो, हवा कमी लागते, कॉइल गोठते आणि एसी बंद केला की बर्फ वितळून एकदम धार लागते. तो बर्फ सुरीने वगैरे खरवडू नका प्लीज, कॉइलला भोक पडेल, नुसता फॅन चालू ठेवा. वापर रोजचा असेल तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, हे घरी होतं, आम्हाला बोलवायची गरज नाही. फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ येत असेल तर मात्र गॅसचं प्रेशर बघावं लागतं, आणि गॅस कमी निघाला तर आम्ही आधी लीक शोधतो, कारण गॅस वापरून संपत नाही, कुठून तरी गेलेला असतो.

आज आम्ही सहा जण आहोत. नवीन मुलगा आला की त्याच्या हातात आधी मग आणि टॉर्च देतो, गॅसचं मीटर नंतर.