फ्लॉरेन्सच्या जुन्या अनाथालयात

फ्लॉरेन्सला येणारे बहुतेक प्रवासी अकादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहतात आणि तिथून थेट कॅथेड्रलच्या घुमटाकडे वळतात. अकादेमियापासून चालत काही मिनिटांवर सान्तिस्सिमा अन्नुन्त्सिआता नावाचा चौक आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या बाजूला, पायऱ्यांच्या उंच जोत्यावर, ओस्पेदाले देली इनोचेंती, म्हणजे निष्पाप बालकांचा आश्रम, ही इमारत उभी आहे. टाकून दिलेल्या मुलांसाठी बांधलेले हे अनाथालय आहे. प्रबोधनकाळ म्हणजे थोर चित्रकार, शिल्पकार आणि त्यांना पोसणारे धनिक सरदार, एवढेच आपण पुस्तकांतून शिकतो. पण त्या काळचे समाजजीवन आणि कला एकाच छपराखाली पाहायची असेल, तर या इमारतीइतकी योग्य जागा मला फ्लॉरेन्समध्ये दुसरी दिसली नाही.

प्रातो गावचा धनाढ्य व्यापारी फ्रांचेस्को दातिनी १४१० साली वारला, तेव्हा त्याने अनाथ बालकांच्या आश्रयस्थानासाठी १००० फ्लोरिन, म्हणजे फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी, ठेवली होती. ते काम रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने अंगावर घेतले आणि १४१९ मध्ये आराखड्याची जबाबदारी फिलिप्पो ब्रुनेलेस्की याच्यावर सोपवली. लगेच पुढच्या वर्षी ज्याच्या घुमटाचे बांधकाम सुरू झाले, तो हाच वास्तुविशारद. चौकासमोरच्या नऊ कमानींच्या ओसरीत उभे राहिले की त्याची बुद्धी लक्षात येते: खांबाची उंची, दोन खांबांमधले अंतर आणि ओसरीची खोली ही तिन्ही मापे सारखीच, त्यामुळे प्रत्येक कमानीमागे हवेचा एक नेमका घन तयार होतो. करड्या दगडाचे सडपातळ खांब आणि पांढरा गिलावा, याखेरीज डोळ्यांत भरावे असे काही नाही. वास्तुकलेची ही नवी भाषा पहिल्यांदा बोलली गेली ती एखाद्या राजवाड्यासाठी नव्हे, तर ज्यांचे आईबापही सांगता येत नव्हते अशा मुलांसाठी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कमानींच्या वर जी वर्तुळे ब्रुनेलेस्कीच्या आराखड्यात रिकामी होती, त्यांत १४८७ च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रोब्बिआ याने भाजक्या मातीची, चकाकता लेप दिलेली बाळे बसवली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरीशुभ्र बाळे, कापडी पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलेली, दोन्ही हात किंचित पसरलेले. खालून मान वर करून एकेक पाहत गेले की ध्यानात येते, कोणतेही बाळ दुसऱ्यासारखे नाही. कुणाच्या पट्ट्या छातीपर्यंत आवळलेल्या आहेत, तर कुणाच्या सुटून पायांशी ओघळल्या आहेत. चौकातून जाणाऱ्या निरक्षर माणसालाही ही इमारत कशासाठी आहे आणि इथे दान का द्यावे, हे त्या हातांनी सांगितले असणार.

ओसरीच्या डाव्या टोकाला भिंतीत जाळी लावलेली एक खिडकी आहे आणि तिच्याशेजारी एक शिलालेख. मूल ठेवायचे ते इथे. सुरुवातीच्या काळात त्यासाठी चर्चमधल्या पवित्र जलाच्या पात्रासारखे दगडी पात्र होते. पुढे जाळी आली, जिच्यातून फक्त तान्हे मूलच आत सरकवता येईल. पहिले मूल ५ फेब्रुवारी १४४५ रोजी आले. ती मुलगी होती आणि तो दिवस संत आगाथाचा असल्यामुळे तिचे नाव आगाता ठेवले. ही व्यवस्था ३० जून १८७५ ला बंद झाली, म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ माणसे या कोपऱ्यात येत राहिली.

संग्रहालयाचा पहिला भाग तळघरात आहे आणि माझा सर्वाधिक वेळ तिथेच गेला. एका दालनात 140 छोटे खण आहेत; खण ओढला की आत काचेखाली एखादी वस्तू असते. मूल सोडणाऱ्या आईने त्याच्या अंगावर ठेवलेली ही खूण. यांतल्या बहुतेक खुणा एकोणिसाव्या शतकातल्या आहेत: मण्यांची सर, फितीचा तुकडा, मरियमची प्रतिमा असलेले पदक. मला खिळवून ठेवले ते अर्ध्या पदकांनी. पदक मधोमध कापायचे, अर्धे बाळाच्या गळ्यात बांधायचे आणि अर्धे आपल्याजवळ ठेवायचे, म्हणजे पुढेमागे दिवस पालटले तर दोन कडा जुळवून मूल परत मागता येईल. कापलेली कड मुद्दाम वेडीवाकडी केलेली असे, कारण सरळ कापाची नक्कल कुणालाही करता आली असती. काटकोनांवर आणि समान मापांवर उभारलेल्या या इमारतीत मला सर्वांत बोलकी वाटलेली वस्तू म्हणजे ती वाकडी कड होय.

आश्रमाच्या वह्यांमध्ये आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद होई, सोबतचे कपडे आणि खुणाही लिहून ठेवल्या जात. त्या नोंदींवरून इतिहासकारांनी फ्लॉरेन्सच्या वैभवाची दुसरी बाजू उलगडली आहे. येणाऱ्या मुलांत मुलींचे प्रमाण जास्त होते. त्या काळी शहरात हुंड्याचा भार इतका वाढला होता की १४२५ मध्ये प्रजासत्ताकाने मुलींच्या हुंड्यासाठी मोन्ते देल्ले दोती ही सरकारी ठेव योजनाच काढली. ज्यांच्याजवळ तिथे गुंतवायलाही पैसे नव्हते, त्यांच्या घरी मुलगी जन्मणे म्हणजे काय, याची कल्पना मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. मुले गावोगावच्या दायांकडे दुधासाठी पाठवली जात, दायांना पगार मिळे, तरीही वर्षाच्या आत दगावणाऱ्यांची संख्या भयंकर होती. शिवाय सुरुवातीच्या दशकांत अनेक मुले गुलाम स्त्रियांच्या पोटची होती. काळ्या समुद्राच्या बाजूने आणलेल्या तार्तार, चेर्केस मुली फ्लॉरेन्सच्या सुखवस्तू घरांत राबत आणि मालकापासून त्यांना दिवस गेले की मूल इथे येई. ज्याच्या पैशावर ही इमारत उभी राहिली, त्या दातिनीलाही लुचिआ नावाच्या गुलाम स्त्रीपासून जिनेव्रा ही मुलगी झाली होती. ती मात्र त्याच्या पत्नीच्या हाताखाली घरीच वाढली आणि थाटाने तिचे लग्न झाले. त्याच्या दानाचे मोल मी कमी लेखत नाही. पण दान देणारी आणि मुले टाकायला लावणारी व्यवस्था एकच होती, हे इथे नजरेआड करता येत नाही.

वरच्या मजल्यावर, ओसरीच्या माथ्यावरच चित्रदालन आहे. तिथे दोमेनिको गिरलांदायोने आश्रमाच्या चर्चसाठी रंगवलेले ‘पूर्वेकडील ज्ञानी राजांचे वंदन’ हे १४८८ सालचे मोठे चित्र लावलेले आहे. १४८५ मध्ये झालेला त्याचा करार आजही अभ्यासकांना ठाऊक आहे: मोबदला ११५ फ्लोरिन आणि निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचाच हवा, अशी अट. हा अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून करत, म्हणून इतका महाग. मरियमचे वस्त्र पाहताना ती अट पाळल्याचे दिसते. पण माझी नजर पुढच्या बाजूला गुडघे टेकलेल्या दोन मुलांवर थांबली. राजे, संत आणि आश्रयदाते यांच्या गर्दीत ती पातळ पांढऱ्या वस्त्रांत आहेत आणि त्यांच्या अंगावर ताज्या जखमा आहेत. येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने बेथलेहेममध्ये मारलेल्या निष्पाप बालकांपैकी ती आहेत, ज्यांच्या नावावरून आश्रमाचे नाव पडले. मागच्या डोंगराळ भागात ती कत्तलही रंगवलेली दिसते. या चर्चमध्ये प्रार्थनेला बसणाऱ्या मुलांनी ती जखमी भावंडे रोज समोर पाहिली असतील.

आश्रमाचे काम थांबलेले नाही. आजही इथली संस्था पाळणाघरे आणि अडचणीत सापडलेल्या माता-बालकांसाठी निवारे चालवते, आणि १९८८ मध्ये युनिसेफचे संशोधन केंद्रही याच वास्तूत सुरू झाले. जाणाऱ्यांना एवढेच सांगेन, की पुष्कळ जण गिरलांदायोसाठी थेट वर जातात, तसे करू नये. आधी तळघरात जावे, खण सावकाश उघडावेत आणि मग वरचे चित्र पाहावे. निदान दोन तास हाताशी असावेत.