जिंतूरच्या पुढं जर्मनी

मे महिन्यात परभणीत दुपारी बाहेर पडायचं कुणी नाव काढत नाही. कूलरसमोर सतरंजी पडते आणि नाव-गाव-फळ-फूल सुरू होतं. यंदा सहा वर्षांची पुतणीही हट्टानं बसली. तिला लिहायला वेळ लागतो, म्हणून लेखनिक मी.

अक्षर आलं ‘आ’. दोन्ही भाच्यांनी गाव लिहिलं आष्टी. सारखं आलं की पाच-पाच मार्क, वेगळं असलं तर दहा. धाकटा भांडायला उठला, “माझी आष्टी बीडची, त्याची परतूरजवळची. दहा पाहिजेत!” आबांनी आष्टी नक्की कुणाची, याची उलटतपासणीच मांडली. खटला लांबला. तोवर मी पुतणीचं उत्तर वाचून दाखवलं : गाव – आजीचं. फूल – आजीनं तोडलेलं. तसं दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. दोन्हीला दहा-दहा द्यावे लागले.

‘ज’ला तिनं सांगितलं, जर्मनी.

“अगं, तो देश आहे.”

“आबा रोज म्हणतेत की, जगात जर्मनी, भारतात परभणी. जवळच असंल.”

“कुठं?”

तिनं जरा विचार केला. “जिंतूरच्या पुढं.”

आबांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला घेतला. मला वाटतं, हसू लपवायला.

मग लाईट गेली, कूलर थांबला आणि पत्ते निघाले. बदाम सात. वाटून होतात न होतात तोच पुतणीनं जाहीर केलं, “बदामाची सत्ती माझ्या हातात नाही हं!” सत्तीशिवाय डाव सुरूच होत नाही. सगळे एकमेकांकडं बघायले.

“मग कुठंय ती?”

“मांडीखाली.”

खोटं ती बोललीच नव्हती, त्यामुळं रागवायचं कशावरून हेही कळेना.

आजीच्या वाट्याला नुसते राजे-राण्या. पाळी आली की बिचारी “पास” म्हणायची अन् तोंड पाडायची. तिसऱ्यांदा पास म्हणाली तेव्हा पुतणीला राहवेना.

“आजी, पास झालीस की! मग तोंड कामून पाडायलीस?”

आजीची शाळा चौथीतच सुटलेली. ती हसायला लागली, पदर तोंडाला लावला, “मग पेढे वाट की माय आता!” हसता हसता तिचे सगळे पत्ते सतरंजीवर उताणे पडले.

धाकट्यानं तेवढ्यात ते मोजून घेतले.