पंधरा इंची दोन, बंद खोक्यातले

आमच्या होम थिएटरची खोली १४ बाय ११ फूट, उंची साडेनऊ. चारही भिंती विटांच्या, वर-खाली स्लॅब, एक दार आणि एक सरकती खिडकी. सबवूफर, म्हणजे फक्त बेस (खालचा आवाज) काढणारा स्पीकर, घरीच बांधायचा ठरला, तेव्हा ड्रायव्हर (खोक्यात बसवायचा, कोन असलेला मूळ स्पीकर) शोधण्याआधी मी हे माप कागदावर मांडलं आणि त्यावर गणित केलं. पुढचे सगळे निर्णय त्या कागदातूनच निघाले, म्हणून आधी तेच सांगते.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे २० हर्ट्झची एक लाट १७ मीटर लांब. माझी खोली सव्वाचार मीटरची! इतका खालचा आवाज खोलीभर फिरत नाही, खोलीतली हवाच एकदम दाबली जाते आणि सुटते. त्याच्या वर, जिथे अर्धी लाट दोन भिंतींमध्ये नेमकी बसते, तिथे आवाज घुमतो. माझ्या खोलीत लांबीमुळे ४० हर्ट्झला, रुंदीमुळे ५१ला आणि उंचीमुळे ५९ला. स्फोट, ढगांचा गडगडाट, पार्श्वसंगीतातले खर्जाचे सूर हे सगळं याच पट्ट्यात येतं, त्यामुळे या तीन आकड्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हतं.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला अमेरिकन घरांवर बेतलेला असतो. तिथे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या भिंती असतात. त्या खालच्या आवाजाबरोबर थोड्या हलतात, थोडा बेस गिळतात, थोडा बाहेर सोडतात. आपल्या विटा आणि आरसीसी हलत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे दोन गोष्टी होतात. घुमणारे सूर जास्त घुमतात, आणि अगदी तळाचा बेस खोलीतच राहतो, म्हणजे खोली तो फुकटात वाढवून देते. तिथल्या एखाद्याने "२० हर्ट्झ हवा असेल तर मोठं पोर्टेड खोकं लागतंच" असं लिहिलं (पोर्टेड म्हणजे हवा आत-बाहेर जायला पाइप असलेलं), तर त्याच्या घरासाठी ते खरं असेल. पुण्यातल्या फ्लॅटसाठी ते तसंच्या तसं उचलू नये, असं माझं ठाम मत आहे.

बंद खोकं की पोर्टेड, हा वाद मी याच मापावर सोडवला. बंद खोक्याचा आवाज त्याच्या रेझोनन्सच्या (ज्या सुराला कोन आपणहून डुलतो त्याच्या) खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. पोर्टेडचा पोर्टच्या सुरापर्यंत टिकतो, पण त्याखाली २४ डेसिबलने कोसळतो, आणि तिथे कोनला हवेचा आधार उरत नाही, म्हणून त्याखालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर लावावाच लागतो. उलट खोली ४० हर्ट्झच्या खाली आवाज वाढवत नेते. पूर्ण बंद आणि ताठ खोली असेल तर ही वाढही सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. दाराखालची फट आणि खिडकीची चौकट यामुळे माझ्याकडे तेवढी मिळत नाही, पण मोजल्यावर २० हर्ट्झला सहा-सात डेसिबल मिळाले. एकाचा उतार आणि दुसरीचा चढ एकमेकांना इतके छान पूरक ठरत असताना मला पोर्टचं ओझं नको होतं. ओझं म्हणजे खरंच ओझं. २२० लिटरचं खोकं २० हर्ट्झला लावायचं तर सहा इंची पाइप जवळपास अर्धा मीटर लांब लागतो. तेवढ्या आकाराची दोन खोकी या खोलीत मावलीच नसती.

आणि दोन तर हवीच होती. आमच्याकडे तिघांचा सोफा रुंदीच्या मधोमध आहे आणि सासऱ्यांची आरामखुर्ची डाव्या भिंतीलगत. बाबांना गुडघ्यांमुळे तीच खुर्ची सोयीची, ती हलणार नाही. मी मैत्रिणीचा एक छोटा सब आणून कोपऱ्यात ठेवला आणि दोन्ही जागी मोजलं. ५० हर्ट्झच्या आसपास सोफ्याच्या मध्यावर खड्डा, बाबांच्या खुर्चीत डोंगर, फरक पंधरा डेसिबलच्या घरात. रुंदीतल्या घुमण्याचा नियमच तसा आहे: मधोमध शांत, भिंतीशी प्रचंड. हे इक्वलायझरने दुरुस्त होत नाही. माझ्यासाठी ५० हर्ट्झ चढवला तर बाबांचे कान दुखणार, त्यांच्यासाठी उतरवला तर माझ्याकडे काहीच उरणार नाही.

हर्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली यावर अभ्यास मांडला होता: आयताकृती खोलीत किती सबवूफर पुरेसे आणि ते कुठे ठेवावेत. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर एकेक ठेवला तर सगळ्या खुर्च्यांवरचा आवाज खूप सारखा होतो. त्यामागचं कारण मला फार आवडतं. लांबीतल्या घुमण्यात समोरची भिंत दाबाच्या एका टोकाला असते तेव्हा मागची बरोबर उलट टोकाला असते. दोन्हीकडून एकाच वेळी हवा सारखीच ढकलली की ४० हर्ट्झचं घुमणं आपोआप खोडलं जातं. शिवाय दोन्ही खोकी रुंदीच्या मध्यावर, म्हणजे ५१ हर्ट्झच्या शांत जागेवर, त्यामुळे ते घुमणंही जागं होत नाही. ८० हर्ट्झचं दुसरं घुमणं मात्र उरतं. त्याची शांत जागा भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणून सोफ्यावर बसणाऱ्याचे कान मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर येतील असं बघितलं.

ड्रायव्हरचं बघायला आधी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने आपुलकीने पंधरा इंची, हजार वॅटचा पीए ड्रायव्हर दाखवला. "मॅडम, हा लावा, भिंत हलेल." भिंत खरंच हलली असती, पण ५० हर्ट्झला. मिरवणुकीतल्या किंवा लग्नातल्या डीजेसाठी बनलेले ड्रायव्हर ४० ते १०० हर्ट्झमध्ये कमी वॅटमध्ये जास्तीत जास्त आवाज काढायला बनवलेले असतात. त्यांचा स्वतःचा रेझोनन्सच पस्तीस-चाळीसला असतो आणि कोन पुढे-मागे थोडाच सरकतो. चित्रपटाचा तळ त्याखाली आहे.

किती खाली, किती जोरात, हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं: ड्रायव्हर किती हवा ढकलतो. कोनचं क्षेत्रफळ गुणिले त्याची सरक. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजाला चौपट हवा ढकलावी लागते. बारा इंची कोन, क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर, एका बाजूला १० मिलिमीटर सरकणारा: जमिनीवर ठेवून एक मीटरवर ४० हर्ट्झला १०६ डेसिबल देतो, २० हर्ट्झला फक्त ९४. पंधरा इंचीचं क्षेत्रफळ ८०० च्या आसपास. असे दोन, १४ मिलिमीटर सरकणारे, २० हर्ट्झला १०७ देतात, खोलीची वाढ वेगळी. अठरा इंची एकटा १२०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन पंधरांपेक्षा कमीच, आणि तो दोन भिंतींवर ठेवता येत नाही. माझ्यासाठी प्रश्न इथेच संपला.

मी घेतलेल्या ड्रायव्हरच्या कागदावर रेझोनन्स २० हर्ट्झ, क्यूटीएस (कोनचं डुलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) ०.४५ आणि व्हीएएस (कोनच्या स्प्रिंगइतकीच ताठ हवा किती लिटर, तो आकडा) १८० लिटर आहे. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखले जाणारे हे आकडे मिळाले की खोक्याचं गणित वहीच्या एका पानात होतं. ११० लिटरच्या बंद खोक्यात एकूण क्यू ०.७३ येतो आणि रेझोनन्स साडेबत्तीस हर्ट्झ. आत पॉलिएस्टरचा कापूस भरला की क्यू ०.७ च्या जवळ सरकतो, म्हणजे ना फुगवटा ना कोरडेपणा. विनआयएसडी हे मोफत सॉफ्टवेअर हेच करतं, पण एकदा हाताने करून बघा, कोणत्या आकड्याने काय हलतं ते डोक्यात पक्कं बसतं.

नोकरीत मी प्रेस टूल्सची ड्रॉइंग्ज काढते, त्यामुळे कटिंग लिस्ट मिलिमीटरमध्ये करून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेले. एमडीएफ कापायला गुळगुळीत असतं, आवाजालाही चांगलं, पण पावसाळ्यात कडा फुगतात आणि स्क्रू पुन्हा काढून बसवला की भोक सैल होतं. मी १८ मिलिमीटर मरीन प्लाय घेतला, ७१० ग्रेडचा. आतून ४८० बाय ४९० बाय ५०० मिलिमीटर, म्हणजे ड्रायव्हर आणि आडव्या पट्ट्यांची जागा वजा जाता ११० लिटर उरतात. पुढची फळी दुहेरी. आठ बाय चारच्या दोन शीटमध्ये दोन्ही खोकी निघाली.

सुतारदादा कपाटं करणारे. मधल्या पट्ट्या बघून त्यांनी विचारलं, "ताई, कपाट आहे ना? मग आत फळ्या अशा भोकं पाडून का?" मी त्यांना हाताने कडेची फळी ठोकायला सांगितली, मग पट्टी नुसती दाबून धरून पुन्हा ठोकायला. पहिल्यांदा ढम्म, दुसऱ्यांदा टक्. त्यानंतर त्यांनी स्वतःहून प्रत्येक सांध्यात फेव्हिकॉल भरपूर लावून आतून कडेकडेने बोट फिरवलं, एकही फट राहू नये म्हणून. ड्रायव्हर लाकडी स्क्रूने न बसवता टी-नट आणि एम६च्या ॲलन बोल्टने बसवले. झाल्यावर कोन तळव्याने हलकेच आत दाबून सोडला, तो सावकाश परत आला. खोकं हवाबंद आहे. एकेकाचं वजन पस्तीस किलोच्या आसपास भरलं.

ॲम्प्लिफायर दोन चॅनेलचा क्लास डी पीए प्रकारचा, आतच डीएसपी (आवाजाचं डिजिटल गणित करणारी चिप) असलेला. पंखा आवाज करतो म्हणून तो पॅसेजमधल्या कपाटात ठेवला. कॅलिब्रेशन केलेला यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर घेऊन बसले तेव्हा आधी दोन्ही खोक्यांची लेव्हल आणि डिले जुळवला, मगच इक्वलायझरला हात लावला. हा क्रम महत्त्वाचा. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचं सबला, वरचं बाकीच्या स्पीकरना. उंच डोंगर उतरवले, खड्डे भरायच्या फंदात पडले नाही, कारण खड्डा भरायला वॅट आणि कोनची सरक दोन्ही वाया जातात. आता सोफा आणि बाबांची खुर्ची यांत ८० हर्ट्झच्या खाली तीन-चार डेसिबलचा फरक उरलाय. बाबा म्हणाले, "गडगडतं, पण कानाला टोचत नाही." मला हेच हवं होतं.

खालच्या मजल्याचा विचार मी बांधण्याआधीपासून करत होते. रबरी पायांमुळे खोक्याची थरथर स्लॅबमध्ये कमी उतरते, पण हवेतून जाणारा ३० हर्ट्झ स्लॅब फारसा अडवत नाही, आणि कोणताही फोम त्याला अडवणार नाही. मोबाइलमधल्या मीटरवर विसंबू नका. ते बहुधा ए-वेटिंगने मोजतात, ज्यात साडेएकतीस हर्ट्झचा आवाज जवळपास ३९ डेसिबल कमी दाखवला जातो. आकडा निरागस दिसतो आणि खाली भांडी वाजत असतात. मी खालचा आवाज फारसा न कापणारं सी-वेटिंग लावून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात जाऊन मोजलं, वर नवरा रिमोट घेऊन बसला होता. आमच्या मागच्या खोक्याखाली बरोबर त्यांची बेडरूम येते. म्हणून डीएसपीत दुसरा प्रीसेट केलाय: मागचं खोकं बंद, पुढचं आठ डेसिबल खाली, ३५ हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं. साडेनऊला काकू झोपतात, तेव्हापासून तो चालू होतो.