पहिली टाळी

काल पुरस्कारासाठी तिचं नाव पुकारलं, माझं नाही, आणि सभागृहात पहिली टाळी वाजली ती माझी. ताईने ते पाहिलं. "किती मोठ्या मनाची आहेस गं," म्हणाली. तेव्हापासून डोकं उठलंय. मोठं मन वगैरे काही नाही. तोंडावर जे येऊ घातलं होतं ते लपवायचं होतं, म्हणून हातांना काम दिलं. की खरंच बरं वाटलं होतं मला? एखादा क्षण तरी?

रात्रभर एमीच्या, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या पुरस्कारांच्या, जुन्या क्लिपा बघत बसले. विजेत्यांचं मला काही पडलेलं नव्हतं, मी बाकीच्यांचे चेहरे बघत होते. नाव जाहीर होतं आणि शेजारच्या चौकटींतली माणसं लगेच हसतात, लगेच टाळ्या. इतक्या लगेच, की सराव केला असणार.

१९४९ च्या जानेवारीत पहिला सोहळा झाला तेव्हा हे एवढं नव्हतं. हॉलिवूड ॲथलेटिक क्लब, पाच डॉलरचं तिकीट, एकूण सहा पुरस्कार, तेही फक्त लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमांसाठी. उत्कृष्ट व्यक्तिमत्त्वाचा मान शर्ली डिन्सडेल या विशीतल्या शब्दभ्रमकार मुलीला, तिच्या बाहुलीसकट. १९५५ मध्ये सोहळा पहिल्यांदा देशभर दाखवला गेला. तोवर हरणं गावातल्या गावात होतं म्हणायचं. नंतर सगळा देश तोंडाकडे बघायला मोकळा.

माझ्याकडे काल किती जण बघत होते? ताई सोडून कुणीच नसेल. हेही जरा लागलंच.

अभिनेत्री अँजेला लॅन्सबरीला 'मर्डर, शी रोट' या मालिकेसाठी बारा वर्षं, दर वर्षी नामांकन. एकदाही मिळालं नाही. 'द वायर' या मालिकेला पाच पर्वांत दोनच नामांकनं, दोन्ही लेखनाची, आणि पुरस्कार शून्य. तेव्हा परीक्षकांचं काय घेऊन बसायचं. (ही मी स्वतःची समजूत काढतेय, कळतंय मला.) कालच्या परीक्षकांबद्दल मात्र लिहिणार नाही. त्यांच्यातल्या एकाबद्दल तर नाहीच.

पण सुझन लुची! 'ऑल माय चिल्ड्रन'मधली एरिका केन, १९७० ते २०११ तीच भूमिका. दुपारच्या मालिकांचा एमी सोहळा १९७४ पासून वेगळा, तिथे तिला १९७८ मध्ये पहिलं नामांकन. मग अठरा वेळा यादीत नाव आणि अठरा वेळा एमीची पुतळी दुसऱ्याच कुणाच्या हातात. १९९० मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात तिने स्वतःच याची थट्टा करून घेतली: तिथे काम करणाऱ्या सगळ्यांकडे एमी, हिच्याकडेच नाही. ते बघून मी मोठ्याने हसले. अठरा वेळा हरायचं तर आधी अठरा वेळा यादीत यावं लागतं, आणि इथे बाई एका खेपेत उशी भिजवून बसल्यात.

१९९९ मध्ये एकोणिसाव्या खेपेला मिळालं. सगळं सभागृह उठून उभं, काही मिनिटं नुसत्या टाळ्या. त्या वर्षी तिच्याबरोबर यादीत असलेल्या बाकीच्या कशा टाळ्या वाजवतायत ते मला बघायचं होतं. क्लिप पुन्हा पुन्हा मागे नेली. मला काही दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तरी काय कळणार होतं? टाळी खरी की खोटी हे आवाजावरून ओळखता येत नाही. वाजवणारीलाही येत नाही बहुतेक. ताईला वाटतंय मोठं मन, तर वाटू दे. तिला खुलासा द्यायला मी काही बांधील नाही.

त्यानंतरही लुचीला आणखी दोनदा नामांकन मिळालं, २००१ आणि २००२ मध्ये. दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत. त्या क्लिपा शोधतेय. १९९९ च्या हव्या तेवढ्या आहेत, या दोन काही सापडत नाहीत.