धाकट्याचं समन्स

समन्स दोन होती, घर एकच. खानापूरच्या कोर्टातून जांबोटीच्या पलीकडं निघालो तेव्हा वाटलं, एका फेरीत दोन्ही उरकतील. वाटणीचा दावा, लग्न करून दिलेल्या बहिणीनं दोन भावांवर घातलेला. 2005 च्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या लेकींनाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला, तेव्हापासून असे कागद आम्हा बेलिफांच्या पिशवीत नेहमीचेच.

घर दाखवायला बहिणीचा नवरा आला होता. वेशीतूनच त्यानं बोट केलं आणि मागं फिरला. जावयानं सासुरवाडीला बेलिफ घेऊन जायचं म्हणजे काय, ते मला कळतं.

थोरला नुकताच रोप लावून आला होता, पाय चिखलानं भरलेले. "घेणार नाही आम्ही," म्हणाला. समन्स घेतलं नाही की केस अडते, हा समज कुठल्या शहाण्यानं पसरवलाय कोण जाणे! मी म्हटलं, "नको तर दारावर डकवतो. घर कुणी दाखवलं, कुणासमोर डकवलं, सगळं शेऱ्यात लिहितो. कोर्टाला पटलं की बजावणी झाली. मग तू आला नाहीस तर निकाल एकतर्फी. आणि घेतलंस तर कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस, फार तर 90." दारावर कोर्टाचा कागद म्हणजे गावभर बोभाटा. त्यानं मुकाट सही केली, दाव्याची प्रत घेतली.

मग एकदम गोड झाला. "धाकल्याचं पण द्या इकडं. तो मिलिटरीत. मीच सही करतो."

तेवढ्यात पडवीतून म्हातारी उठली. भांडी धुवायच्या निमित्तानं मला विहिरीकडं खुणावलं. "साहेबा, त्याच्याकडं देऊ नको गा. धाकल्याला तो सांगायचा नाही."

माणूस घरी नसेल आणि लवकर सापडायचीही शक्यता नसेल, तर सोबत राहणाऱ्या घरच्या सज्ञान माणसाला समन्स देता येतं. 1976 च्या दुरुस्तीपासून बाईलाही चालतं. थोरल्याला हे कुणीतरी शिकवलं असणार. पण जवानाची गोष्ट निराळी. त्याचं समन्स कोर्टानं त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडं पाठवायचं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात. आमच्याकडं घरोघर पलटणीतली पोरं, म्हणून हा नियम आम्हाला तरी ठाऊक हवा.

म्हातारीनं ट्रंकेतून एक पाकीट आणलं. पाठीमागं पोराचा नंबर, पलटण, मार्फत 56 एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता. मी ते उतरवून घेतलं आणि समन्सच्या पाठीवर शेरा मारला: प्रतिवादी क्रमांक दोन सैन्यात, घरी बजावणी केली नाही, पत्ता सोबत.

थोरला चिडला, ते ठीक. बहिणीचे वकीलही कुरकुरले, कारण तारीख लांबली. त्यांना घाई होती आणि मला बोलून काही उपयोग नव्हता.

पलटणीकडून सहीची पोच आली. मागोमाग एक अधिकारपत्र, कमांडिंग ऑफिसरसमोर सही केलेलं. रजा न मिळणारा जवान दावा लढवायला दुसऱ्या कुणाला नेमू शकतो. त्यानं भावाला सोडून आईला नेमलं होतं.

तारखेला पुकारा झाला. धाकट्याच्या नावाला लुगडं नेसलेली म्हातारी उभी राहिली, तेव्हा शिपायानं ते नाव पुन्हा एकदा पुकारलं.