५-३ ला डबल आलं तर

बॅकगॅमन हा फासे आणि सोंगट्यांचा दोघांचा खेळ. त्यात ‘डबल’ देणं म्हणजे डावाची किंमत दुप्पट करायला सांगणं; समोरच्यानं ते घ्यायचं, नाहीतर सोडून डाव आहे त्या किमतीला हरायचा. पैशाच्या डावातला (जिथे प्रत्येक डावाचा हिशेब वेगळा) एक आकडा खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना पाठ असतो: डबल आलं आणि जिंकायची शक्यता २५ टक्क्यांच्या वर असली, की घ्यायचं. ठरलेल्या पॉइंटपर्यंत चालणाऱ्या सामन्यात हाच आकडा धरून बसलात तर फसाल. तिथे एका पॉइंटचं मोल स्कोअरप्रमाणे बदलतं.

७ पॉइंटचा सामना, तुम्ही ५-३ नं पुढे. समोरच्यानं क्यूब (डावाची किंमत दाखवणारा फासा) २ वर करून पुढे सरकवला. सोडलंत तर ५-४, आणि तिथून सामना जिंकायची शक्यता साधारण ६० टक्के. घेऊन जिंकलात तर सामनाच तुमचा, म्हणजे १००. साधा डाव हरलात तर ५-५, म्हणजे ५०. पणाला लागतात १०, मिळतात ४०. दहाला पन्नासानं भागा: २० टक्के असले तरी घेता येतं. पैशाच्या डावापेक्षाही स्वस्त!

मेख गॅमनमध्ये आहे, म्हणजे आपली एकही सोंगटी पटाबाहेर निघाली नसताना झालेल्या दुप्पट हारीत. २ च्या क्यूबवर गॅमन बसला की त्याचे ४ पॉइंट, आणि सामना गेला. समजा तुम्ही हराल त्या दर चार डावांत एक गॅमन आहे. मग हरल्यावर हाती सरासरी ५० नाही, ३७.५ उरतात, आणि घ्यायला ३६ टक्के लागतात. २० आणि ३६, स्कोअर तोच.

म्हणून इथे टक्के मोजण्याआधी पट बघावा. त्याच्या घरातल्या (पटाच्या ज्या पाव भागातून तो सोंगट्या बाहेर काढतो) पाचव्या खणात तुमच्या दोन सोंगट्या जोडीनं बसल्या असतील, तर गॅमन क्वचितच होतो; निवांत घ्या. एक सोंगटी बारवर (मारली जाऊन पटाच्या मधल्या पट्टीवर), दुसरी उघडी (खणात एकटी) आणि त्याच्या घरात तीन-चार खण त्यानं जोड्यांनी अडवलेले असतील, तर सोडा. घेतलेल्या क्यूबचा तुम्हाला पुढे पुन्हा डबल द्यायला उपयोगही नाही, कारण २ पॉइंटच पुरेसे आहेत. तुमच्या गॅमनची किंमत शून्य, त्याच्या गॅमनची पैशाच्या डावाच्या दुप्पट.

उलट बाजूनं, पुढे असताना तुम्ही डबल दिलंत तर तो घेतो आणि पहिल्याच संधीला ४ करतो. त्याचं काय जातं? २ वर हरला काय नि ४ वर हरला काय, सामना जाणारच. सोडून ६-३ झालं तर त्याच्याकडे साधारण १८ टक्केच उरतात, त्यामुळे तो फार कमकुवत स्थितीतही घेतो. पैशाच्या डावात बिनधास्त दिलं असतं ते डबल इथे बऱ्याचदा राखून ठेवावं लागतं.

६ वर पोचलात की पुढचा एक डाव क्रॉफर्ड नियमामुळे क्यूबशिवाय. त्यानंतर मागचा खेळाडू पहिल्याच संधीला डबल देतो, आणि उत्तर सम-विषमावर ठरतं. त्याला ४ हवे असतील तर, डबल केलेल्या डावाचे २ धरून, त्याला दोन डाव लागतात. तुम्ही सोडलंत, ३ उरले, तरी दोनच. म्हणजे सुरुवातीचे फासे जरा वाईट पडले तरी एकदा फुकट सोडता येतं. त्याला ३ हवे असतील तर मात्र सोडू नका, कारण मग २ उरतात आणि त्याचं काम एका डावात होतं.