फॉरमॅट करण्याआधी सेफ मोड
मावशीच्या लॅपटॉपमध्ये एक अँटिव्हायरस असतानाच दुकानदाराने दुसरा बसवून दिला आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा दाखवून तो पुन्हा पुन्हा बंद पडू लागला. अशा वेळी सरसकट दिला जाणारा फॉरमॅटचा सल्ला मला मुळीच पटत नाही, कारण फोटो आणि कागदपत्रे बहुधा शाबूत असतात. बिघडतो तो बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरलेला अँटिव्हायरसचा एखादा ड्रायव्हर (गाभ्याच्या पातळीवर चालणारा छोटा प्रोग्रॅम).

विंडोज 10 व 11 मध्ये सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला, की सहसा दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथून ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन रीस्टार्टनंतर 4 दाबल्यावर मोजक्याच ड्रायव्हरांसह सेफ मोड उघडतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते; मावशीची तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली.

सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर ही प्रोग्रॅम बसवणारी-काढणारी सेवा एरवी चालत नसल्यामुळे नवा अँटिव्हायरस तेथून काढता येईना. म्हणून सिस्टिम रीस्टोअरमधून तो बसवण्यापूर्वीचा रीस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजने जपून ठेवलेली तेव्हाची स्थिती, निवडला. त्या पॉइंटनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यात निघून जातात, पण स्वतःच्या फाइलींना धक्का लागत नाही. मावशीचे सगळे फोटो जागेवर होते.